वहीतला ‘पळाली’ हा शेरा

आमच्या ब्युरोत हजेरीची एक लांब वही होती, लाल पुठ्ठ्याची, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत मिळते तसली. नाव, गाव, पेशंट, ड्यूटी, पगार आणि सगळ्यात शेवटी शेरा, असे रकाने. शेऱ्यात फिरून फिरून तीनच शब्द यायचे : चालू, बदली, पळाली. वही मी आणि माझे दीर मिळून लिहायचो. त्यातला तिसरा शब्द खटकायला मला नऊ वर्षं लागली.

मी मूळची नर्स. अकरा वर्षं एका खासगी हॉस्पिटलात नोकरी केली आणि २०१४ साली शाहूपुरीत एका गाळ्यात ब्युरो काढला. पेशंट सांभाळायला माणूस देणं हा धंदा. कोल्हापुरात याला गिऱ्हाईक भरपूर. मुलं पुण्या-मुंबईला, नाहीतर थेट परदेशात; आईवडील ताराबाई पार्कात, रुईकर कॉलनीत, राजारामपुरीच्या गल्ल्यांत, मोठ्या घरात दोघंच. दुसरीकडं आजरा, चंदगड, भुदरगड, गगनबावड्याकडच्या बाया. कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा असून नसल्यासारखा, कुणाचं सात गुंठ्यांत भागत नाही. दोघांची गाठ घालून द्यायची आणि मधे आपलं ठेवायचं. चोवीस तासांच्या ड्यूटीला घरचे वीस हजार द्यायचे. मावशीला पंधरा, ब्युरोला पाच. यात काही वाईट आहे असं कधी मनातही आलं नाही. उलट ‘शंभर घरांच्या चुली पेटवल्या’ असं मी चारचौघांत सांगायचे.

जुलै २०२३ मधली गोष्ट. पहाटे साडेतीनला फोन वाजला. रुईकर कॉलनीतल्या एका पार्टीचा. (आम्ही घरच्यांना ‘पार्टी’च म्हणायचो.) “तुमची बाई पळाली.” झोपेतच मी जे वाक्य बोलले ते मला अजून शब्द न् शब्द आठवतं : “जाऊन जाऊन जाईल कुठं? कागद माझ्याकडं आहेत.”

ती कुठंच गेली नव्हती. सकाळी दहाला ब्युरोच्या पायरीवर बसलेली, पिशवी मांडीवर, पावसानं भिजलेली. भुदरगडकडची, पन्नाशीच्या आतबाहेरची. मी आत शिरायच्या आधीच म्हणाली, “सिस्टर, माझं एकोणीस दिवसाचं पैसं द्या.”

मी तोंड सोडलं. रात्री पेशंट टाकून पळून जातेस, लाज वाटत नाही का, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पळून न्हवं, चालत गेलो मी. सीबीएस स्टँडापतोर. तितं बाकड्यावर बसून काढली रात.” आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘गेलो, आलो’च म्हणतात, पण त्या दिवशी ते ‘गेलो’ फार ताठ वाटलं.

मग एकेक बाहेर आलं. एकेचाळीस दिवसांत एक सुट्टी नाही. आजोबांना लघवीचा त्रास, रात्रीत सहा-सात वेळा उठवायचे. सूनबाई रात्री मावशीचा फोन काढून घ्यायच्या, पेशंटकडं लक्ष राहत नाही म्हणून. आणि आदल्या दिवशी घरचे सगळे सांगलीला लग्नाला गेले ते बाहेरून कुलूप लावून. आत ही आणि ऐंशी वर्षांचे, धड उभं राहता न येणारे आजोबा. संध्याकाळी लाइट गेली, तेव्हा मेणबत्ती पेटवायचीही भीती वाटली म्हणाली. काही झालंच तर दार कोण उघडणार? रात्री घरचे आले, कुलूप निघालं, सगळे झोपले आणि ही निघाली.

इथं मला शहाणपण आलं असं लिहायला आवडलं असतं. आलं नाही. एकोणीस दिवसांचे साडेनऊ हजार होत होते. त्यातले सात दिवसांचे ‘न सांगता ड्यूटी सोडली’ म्हणून कापले आणि सहा हजार तिच्या हातावर ठेवले. तिचं आधार कार्ड तसंच कपाटात राहिलं; तिनं मागितलं नाही, मी दिलं नाही. दिरांनी वहीत शेरा लिहिला : पळाली.

सहा महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ताराबाई पार्कातल्या एका काकांना माणूस हवा होता. बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलेलं. मुलगी इंग्लंडमध्ये, तिथल्या एका केअर होमच्या ऑफिसात कामाला. पैशाची बोलणी झाली, सगळं ठरलं आणि मग तिनं व्हॉट्सॲपवर सहा प्रश्न पाठवले. बाईची मूळ कागदपत्रं कुणाकडे असतात? तिनं तुम्हाला काही पैसे भरलेत का? तुमचं कर्ज आहे का तिच्यावर? आठवड्याची सुट्टी कोणती? पगार कुणाच्या खात्यात जातो? आणि तिला हे काम उद्या सोडायचं असेल तर काय होतं?

मला राग आला. परवानगीशिवाय स्वयंपाकघरात शिरून डबे उघडून बघितल्यासारखा राग. मी फोन करून म्हणाले, “अहो, आम्ही काय गुलाम विकतो का?”

ती शांतपणे म्हणाली, “सिस्टर, मी आल्यावर आमच्याकडे पहिल्यांदा ट्रेनिंग दिलं तेव्हा मलाही असंच वाटलं होतं.” तिनं सांगितलं ते असं. तिकडं २०१५ साली आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा झाला. वर्षाची उलाढाल ३ कोटी ६० लाख पौंडांच्या वर असेल त्या कंपनीनं, आपल्या कामात आणि आपल्याला माल-माणसं पुरवणाऱ्यांच्या कामात गुलामगिरी नाही ना हे पाहण्यासाठी वर्षभर काय केलं, याचं निवेदन दरवर्षी प्रसिद्ध करायचं. आणि तरीही गोंधळ झाला तो नेमका केअरच्याच धंद्यात. केरळपासून झिम्बाब्वे-नायजेरियापर्यंतच्या मुली एजंटाला लाखो रुपये मोजून केअर वर्करच्या व्हिसावर तिथं उतरल्या. व्हिसा मालकाशी बांधलेला. ती नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरा प्रायोजक शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. मग रात्रपाळीवर रात्रपाळी लावा, पगार कापा, एका खोलीत पाच जणी ठेवा, बोलणार कोण? (पुढं २२ जुलै २०२५ पासून त्या सरकारनं परदेशातून नव्या केअर वर्करची भरतीच बंद केली. दुखणं एजंटांचं, औषध मुलींना, असं माझं मत. पण ते असो.)

“त्यांनाही कुणी साखळ्या घातल्या नव्हत्या,” ती म्हणाली. “सोडता येत नव्हतं, एवढंच.”

तिनं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची एक यादी पाठवली. सक्तीची मजुरी ओळखायच्या अकरा खुणा. त्या रात्री जेवणं झाल्यावर मी ती यादी आणि लाल वही शेजारीशेजारी घेऊन बसले. ओळखीचे कागद अडकवून ठेवणं : होय. मजुरी अडकवणं : होय, पहिल्या पंधरा दिवसांचा पगार आम्ही डिपॉझिट म्हणून ठेवायचो. कर्जात अडकवणं, जादा तास, एकटं पाडणं, हालचालींवर बंदी, राहण्याचे हाल... सात ठिकाणी बरोबरची खूण झाली. फसवणूक या आठव्या खुणेवर मी स्वतःशीच अर्धा तास वाद घातला. ‘फक्त पेशंटचं काम’ सांगून बाईला पाठवायचं आणि तिथं सात माणसांच्या भाकरी थापायला लागतात हे आपल्याला आधीच ठाऊक असायचं, ती फसवणूक की नाही? शेवटी तिथंही खूण केली. मारहाण आमच्याकडं कधी नव्हती, याचं समाधान मानायला गेले आणि तेही फार टिकलं नाही.

सगळ्यात लागलं ते कर्जाचं. माझं माहेर कागल तालुक्यातलं, ऊसवाल्यांचं. लहानपणी दर हंगामाला बीडकडच्या टोळ्या आमच्या रानात खोपी घालायच्या. मुकादमानं नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, आधीच उचल दिलेली असायची. ती फिटेपर्यंत तोडायचं. एकदा एक जोडी पोर आजारी पडलं म्हणून रात्रीत निघून गेली, तर सकाळी मुकादम दारात येऊन वडिलांना विचारत होता, “आण्णा, कोयता पळाला, बघितला का?” माणसं नाही, कोयता पळाला. तेव्हा आम्ही पोरं त्या बोलण्यावर हसलो होतो. आता माझ्या वहीत मागच्या पानांवर, माझ्याच अक्षरात, वर मथळा होता : उचल. खाली अठ्ठावीस नावं. पोराची फी, नवऱ्याचं ऑपरेशन, दिवाळी. दरमहा तीन हजार कापून घ्यायचे आणि शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घ्यायचं, की रक्कम फिटेपर्यंत काम सोडणार नाही.

तो स्टॅम्पपेपर घेऊन मी भाऊसिंगजी रोडवर एका वकीलबाईंकडं गेले. त्या कामगारांचे खटले चालवतात. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “हा तुमच्या विरुद्धचा पुरावा तुम्ही स्वतःच शंभर रुपये भरून करून ठेवलाय.” १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा. उचलीच्या बदल्यात काम सोडायचा हक्क काढून घेतला की तो करार रद्दबातल, कर्जही संपलं, आणि तसं काम करवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद. मला वाटत होतं तो कायदा वीटभट्टीवाल्यांचा. त्यांनी राज्यघटनेचं तेविसावं, वेठबिगारीला आणि सक्तीच्या मजुरीला बंदी घालणारं कलम काढून दाखवलं. आणि १९८२ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांचा. किमान वेतनापेक्षा कमी पैशात कुणी राबत असेल तर तीही सक्तीची मजुरीच, कारण सक्ती काठीचीच असते असं नाही, भुकेचीही असते, असा त्या निकालाचा मथितार्थ.

मी माझं ठेवणीतलं वाक्य काढलं : “पण मी मालक नाही. मी फक्त ओळख करून देते.” कोल्हापुरातलाच काय, कुठलाही ब्युरोवाला हेच म्हणतो.

“पैसे कोण घेतं?” “मी.” “पगार कोण देतं?” “मी.” “कुणाला कुठं पाठवायचं, कोण ठरवतं? कोण कापतं? कोण काढून टाकतं?” माझी उत्तरं संपली तेव्हा त्या म्हणाल्या, “मग मालक आणि कसा दिसतो?”

परतताना दसरा चौकात सिग्नलला थांबले. समोर शाहू महाराजांचा पुतळा. सातवीत असताना शाहू जयंतीला मी भाषण केलं होतं : महाराजांनी १९२० साली हुकूम काढून संस्थानातली वेठबिगार बंद केली. टाळ्या मिळाल्या होत्या, कंपासपेटी मिळाली होती. सिग्नल सुटला तरी मी गाडी काढली नाही, मागचा रिक्षावाला ओरडला.

कागद परत करणं सगळ्यात सोपं, असं वाटलं होतं. कपाटात छत्तीस जणींची मूळ कागदपत्रं निघाली : आधार कार्डं, दहावी-बारावीची सर्टिफिकेटं, एकीचं तर रेशनकार्ड. रविवारी दुपारी सगळ्यांना बोलावलं, चहा-खारी ठेवली, नाव पुकारून एकेकीला पाकीट दिलं. तिसरी का चौथी मावशी पाकीट घेईचना. “ठेवा तुमच्यापाशीच. घरात न्हेलं तर दारूत घालवंल त्यो, न्हाईतर फाडून चुलीत.” मग आणखी दोघी पुढं आल्या, तेच म्हणणं. मी कायदा घेऊन उभी आणि त्यांचं म्हणणंही खरं! शेवटी पत्र्याच्या छोट्या पेट्या आणल्या, प्रत्येकीचं कुलूप वेगळं, किल्ली तिच्याकडं. पेटी ब्युरोत, पण उघडणार ती. एकीनं किल्ली मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवली आणि म्हणाली, “आता ह्यो सौभाग्यालंकार.” सगळ्या हसल्या.

स्टॅम्पपेपर मात्र सगळे त्यांच्यासमोर फाडले. उचलीची थकबाकी दोन लाख साठ हजार होती. दीर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. उचल पूर्ण बंद केली असती तर या बाया सावकाराच्या दारात गेल्या असत्या, म्हणून ती ठेवली. पण अर्ध्या पगाराच्या वर नाही, व्याज नाही आणि काम सोडण्याशी तिचा संबंध नाही. फेडायची ती तिनं ठरवलेल्या हप्त्यानं. आजवर दोघी न फेडता गेल्या. साडेसतरा हजार बुडाले. बुडाले.

खरं घोडं अडलं ते तासांपाशी.

चोवीस तासांच्या ड्यूटीला आम्ही नेहमी म्हणायचो, “रात्री झोपूनच तर असते.” वकीलबाई म्हणाल्या, मोजा. मग दहा मावश्यांना दोन रुपयांची वही आणि पेन दिलं. रात्री उठलं की एक रेघ. दोघींना लिहिता येत नव्हतं, पण रेघ ओढायला काय लागतं. पंधरा दिवसांनी वह्या आल्या. बहुतेक पानांवर दोन-तीन रेघा. एका वहीत सात, आठ, सहा, आठ, सात. रेघा मोजताना दिसलं, एका पानावर पेनाचा ओघळ पानभर गेलेला. विचारलं तर ती मावशी म्हणाली, “रेघ वडता वडता डोळा लागला.” मीही रात्रपाळ्या केल्यात. वॉर्डात असं झालं असतं तर सकाळी ड्यूटी बदलली असती. इथं ती बाई पुन्हा सकाळी सहाला चहा टाकत होती.

पगाराचा हिशोबही माझ्या मुलीनं मांडून दिला. पंधरा हजार भागिले तीस, पाचशे रोज. पाचशे भागिले चोवीस. वीस रुपये त्र्याऐंशी पैसे तासाला. वडापावसुद्धा… जाऊ दे.

आणि मग जुन्या गोष्टी आठवायला लागल्या, त्या बंद होईनात. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात नागाळा पार्कातल्या आमच्या एका मावशीनं आजींना पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं होतं. पाच दिवस दोघी वर. घरच्यांनी नंतर साडी दिली, पेपरात फोटो यावा असं मलाही वाटलं होतं. पाच दिवसांचा जादा पैसा द्यायचा असतो हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. तिला शोधून आता दिला. किती दिला ते लिहीत नाही, कारण तो आकडा आजही कमीच वाटतो.

नवे नियम असे केले. मुक्कामाच्या ड्यूटीत रात्री आठ तास झोप आणि दुपारी दोन तास तिचे. पेशंट रात्री दोनदापेक्षा जास्त उठत असेल तर दोन माणसं घ्यायला लागतील, एकीवर भागणार नाही. आठवड्याला एक सुट्टी, भरपगारी, त्या दिवशी बदली आम्ही पाठवणार. झोपायला खाट, पॅसेजमध्ये सतरंजी नाही. जेवण घरच्यांचंच, ताजं. फोन तिच्याजवळ. बाहेरून कुलूप लावलं असं कळलं तर त्याच दिवशी माणूस परत. पेशंटच्या कामाव्यतिरिक्त धुणी-भांडी नाही. प्रत्येकीला नेमणूकपत्र, पगार तिच्या स्वतःच्या खात्यात सात तारखेच्या आत, ईएसआयची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, नोंदणी. त्यात सव्वातीन टक्के आमचे, पाऊण टक्का तिचा. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि नेमणूकपत्र सगळ्यांनाच बंधनकारक झालं. आम्ही त्याच्या दीड वर्ष आधी दिलं होतं, तेवढं मिरवून घेते.)

वीस हजारांची ड्यूटी सत्तावीस हजारांवर गेली. मावशीला साडेएकोणीस, सुट्टीच्या चार दिवसांची बदली आठशेप्रमाणे बत्तीसशे, ईएसआयचे सव्वासहाशेच्या वर, ब्युरोला उरतात छत्तीसशे-सदतीसशे. त्यात गाळ्याचं भाडं, फोन, माझा पगार. वकीलबाई अजूनही म्हणतात की हे पुरेसं नाही, मुक्कामाची ड्यूटी या प्रकारातच खोट आहे, आठ तासांच्या तीन पाळ्या हाच खरा उपाय. खरं आहे. पण तीन पाळ्यांचे पैसे भरू शकतील अशी घरं माझ्याकडं दोनच आहेत.

चौतीस घरांना पत्र गेलं. तीन महिन्यांत अकरा घरं सोडून गेली. एका साहेबांनी फोनवर ऐकवलं, “आम्ही तिला घरच्यासारखं ठेवतो, सुट्टी कशाला?” मी विचारलं, घरच्यासारखी आहे तर तिचं ताट-वाटी वेगळी का? त्यांनी फोन आपटला. दुसरीकडं भाव पाडून माणूस देणारे ब्युरो आहेतच. अकरांतली चार घरं परत आली, त्यांतलं एक तर मी दारात उभं करणार नव्हते. केलं. धंदा आहे.

एका घराचं मात्र मला अजून लागून राहिलंय. निवृत्त मास्तर, मंगळवार पेठेत. बायकोला पार्किन्सन. पेन्शन बेताची. ते रागावले नाहीत, भांडले नाहीत. म्हणाले, “बाई, तुमचं बरोबर आहे. पण माझ्याकडे नाहीत हो सत्तावीस हजार.” त्यांच्याकडं आता दिवसा आठ तास आमची मावशी जाते आणि रात्री ते स्वतः, वय अठ्ठ्याहत्तर, बायकोला कुशीवर वळवतात. मावशीला वीस रुपये तासानं राबवून मास्तरांची सोय करायची का, तर नाही. मग मास्तरांचं काय? आपल्याकडं म्हाताऱ्यांना सांभाळायचा खर्च कुणी मांडलेलाच नाही. इतकी वर्षं तो घरातल्या सुनांनी फुकट भरला आणि सुना नोकरीला लागल्यावर चंदगडच्या बायांनी अर्ध्या किमतीत.

तक्रारीसाठी आम्ही एक नंबर दिला. महिनाभर एकही फोन आला नाही. मी खूश, की सगळं आलबेल. वकीलबाईंनी विचारलं, फोन उचलतं कोण? माझे दीर. आणि ड्यूटी लावतं कोण? माझे दीर. झालं मग. आता माझी एक निवृत्त मैत्रीण, जुनी वॉर्डसिस्टर, दर गुरुवारी प्रत्येकीला स्वतःहून फोन करते. पण घरचे शेजारीच बसलेले असतात, बाई बोलणार कशी? म्हणून खूण ठरवली. ती विचारणार, “गावाकडं पाऊस काय म्हणतोय?” ‘बरा हाय’ म्हणजे सगळं बरं. ‘लई हाय’ म्हणजे या. जूनमध्ये ठरवलेली खूण मार्चपर्यंत चालली आणि मग एका आजोबांनी विचारलं, “अगं, शिमग्यात कुठला पाऊस तुमच्या गावाला?” आता आम्ही म्हशीच्या दुधाचं विचारतो. ते बारमाही चालतं.

दोनदा ‘लई हाय’ आलं. एकदा पेशंटच्या मुलाचं वागणं बरं नव्हतं. तासाभरात रिक्षा पाठवून बाईला आणलं, तक्रार लिहून घेतली. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी ब्युरोची अंतर्गत समिती आम्ही तोवर केली होती. जिल्ह्यात स्थानिक समिती असते आणि घरकाम करणारी बाईही तिच्याकडं जाऊ शकते, हे तिला सांगितलं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईमाणसाला फुकट मिळतो, उत्पन्न न बघता, हेही. तिनं पुढं जायचं नाही असं ठरवलं. तिचा निर्णय. ते घर आमच्या यादीतून कायमचं गेलं.

आणि एक. मध्यंतरी एक एजंट आला होता, गुळगुळीत बुटांचा. तुमच्या ट्रेनिंग झालेल्या मुली द्या, आखाती देशात केअर टेकर म्हणून पाठवतो, मुलीमागं तुम्हाला पन्नास हजार. मुलीकडून किती घेणार विचारलं तर म्हणाला, सहा लाख. नोंदणी असलेल्या एजंटाला उमेदवाराकडून तीस हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही, हे तोवर मला पाठ झालं होतं. नोंदणी क्रमांक मागितला. “ते सांगतो नंतर,” म्हणून गेला. चहाचा कप तसाच टाकून. आमच्या मुलींना आता पहिल्या दिवशी हे पण सांगतो : परदेशाचं कुणी बोललं तर आधी ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर एजंटाचं नाव बघा, आणि पासपोर्ट हा सरकारचा असतो, तो कुठल्याच मालकाकडं ठेवायला द्यायचा नाही.

ताराबाई पार्कातले काका वर्षभरानं वारले. शेवटपर्यंत आमच्याच दोन मावश्या होत्या.

गेल्या डिसेंबरात मी भुदरगडला गेले. त्या मावशीचा पत्ता जुन्या वहीतूनच मिळाला, ‘पळाली’च्या ओळीतून. घर सापडायला दुपार झाली. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. ओळखलं, पण उठली नाही. मी कापलेल्या सात दिवसांचे साडेतीन हजार दिले, त्यावर माझ्या मनानं पंधराशे आणि तिचं आधार कार्ड. चुकलं म्हणाले. तिनं पैसे दोनदा मोजले. कार्ड उलटंपालटं करून बघितलं आणि बाजूला शेंगांच्या टरफलांवर ठेवलं.

“ह्ये? ह्ये मी कवाच दुसरं काढलं की. गारगोटीत मिळतंय.”

नऊ वर्षं मी ज्या कपाटाची किल्ली उशाखाली घेऊन झोपत होते!

तिनं गुळाचा चहा केला. मग चहा ओतता ओतता, सहज विचारल्यासारखं, “आता किती तासाची असत्या ड्यूटी?” मी सगळं सांगितलं. सुट्टी, खाट, साडेएकोणीस. ती ऐकत होती. रात्री उठायचं किती, बाहेरून कुलूप कुणी लावतं का, बदली खरंच येते का, पगार उशिरा झाला तर कुणाला बोलायचं, असे पाच-सहा प्रश्न विचारले. इंग्लंडहून आले होते जवळपास तेच.

“इचार करून सांगतो,” म्हणाली.

अजून तिचा फोन आलेला नाही.